पाऊस कळतो, विसर्ग कळत नाही

जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशी यमुनेने २०८.६६ मीटरची पातळी गाठली आणि १९७८ च्या पुराचा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला. वरच्या अंगाला, हरियाणातल्या हथिनीकुंड बराजमधून त्या वेळी सुटलेला सर्वांत मोठा विसर्ग होता सुमारे ३.५९ लाख क्युसेक. चारच वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०१९ मध्ये, याच बराजमधून सुमारे ८.२८ लाख क्युसेक पाणी खाली गेले होते आणि तरीही दिल्लीतली पातळी २०६.६० मीटरच्या आसपास थांबली होती. म्हणजे पाण्याचा लोंढा निम्म्याहून कमी आणि उंची दोन मीटरने जास्त. २०२३ मध्ये मोठा विसर्ग अधिक काळ टिकला, दिल्लीतही पाऊस झाला, हे खरे. पण आयटीओ बराजच्या ३२ पैकी पाच दरवाजे गाळात अडकून उघडलेच नाहीत. पूरमैदानावरची बांधकामे, भराव आणि पात्रातला गाळ यांनी वाट आधीच अरुंद केली होती.

भारतात नदीच्या पुराचा शास्त्रीय अंदाज द्यायला सुरुवात झाली ती याच जुन्या रेल्वे पुलापासून, १९५८ मध्ये. आज केंद्रीय जल आयोग देशभरात तीनशेहून अधिक ठिकाणांसाठी असे अंदाज देतो. उपग्रह, रडार, स्वयंचलित पर्जन्यमापक, संगणकावरची प्रारूपे हे सगळे हाताशी असूनही दिल्लीसारख्या राजधानीत नदी चकवा देते, तेव्हा प्रश्न केवळ पावसाचा उरत नाही. माणसाने अडवलेल्या, वळवलेल्या, उपसलेल्या आणि आवळलेल्या खोऱ्यात उद्या किती पाणी येईल हे सांगायचे कसे? जलविज्ञानापुढचा सध्याचा हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. महाराष्ट्रात तो सर्वांत तीव्रपणे जाणवतो कृष्णेच्या खोऱ्यात.

सूत्रांचे शतक

नदीच्या प्रवाहाचे गणित मांडण्याची परंपरा जुनी आहे. आयर्लंडमधल्या मुलव्हॅनी या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पावसाची तीव्रता आणि पाणलोटाचे क्षेत्रफळ यांवरून कमाल प्रवाह काढण्याची पद्धत सुचवली. १९३२ मध्ये अमेरिकेत शेरमन यांनी ‘एकक जलालेख’ मांडला: एका खोऱ्यात एक एकक पाऊस पडून वाहून गेला तर नदीच्या तोंडाशी प्रवाह तासागणिक कसा चढेल आणि उतरेल, याचा तो आलेख. त्याच दशकात ओहायो राज्यातल्या मस्किंगम नदीच्या पूरनियंत्रणासाठी काम करताना मॅकार्थी यांनी पुराची लाट वरच्या ठाण्यापासून खालच्या ठाण्यापर्यंत कशी पसरत जाते, हे मोजण्याची रीत दिली. ‘मस्किंगम पद्धत’ हा शब्द स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेत लिहिलेला असतो.

या साऱ्या पद्धतींच्या मुळाशी एक गृहीत होते. खोरे बदलत नाही, त्यामुळे गेल्या पन्नास वर्षांची नोंद पुढच्या पन्नास वर्षांना लागू पडते, असे ते गृहीत. धरणांच्या सांडव्यांची क्षमता, पुलांची उंची, पूररेषा हे सगळे त्यावर उभे आहे. महाराष्ट्रात पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, अशी व्यवस्था आहे. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गृहीत आता मेले आहे, असे स्पष्ट शब्दांत लिहिले. हवामान बदलते आहेच. पण अनेक खोऱ्यांत त्याच्या कितीतरी आधी माणसाने नदीचे वागणे बदलून टाकले होते.

कृष्णेचे पाणी कुठे जाते

महाबळेश्वरला उगम पावून बंगालच्या उपसागराला मिळेपर्यंत कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहते. तिचे खोरे सुमारे २.५९ लाख चौरस किलोमीटरचे आहे आणि ते महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेश या राज्यांत पसरले आहे. या खोऱ्याच्या माथ्यावरच पहिला मोठा हस्तक्षेप झाला. टाटांनी खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू केले, पुढे भिवपुरी आणि भिरा. भीमेच्या उपनद्यांचे, म्हणजे पूर्वेकडे जाणारे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला उतरवून मुंबईसाठी वीज करायची, ही ती योजना. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच काळात.

कोयनेने तेच काम मोठ्या प्रमाणावर केले. १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या या धरणातून दरवर्षी ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवण्याची मुभा कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने दिली. धरणाच्या क्षमतेचा हा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग झाला. हे पाणी पोफळीच्या वीजगृहातून वाशिष्ठीत उतरते. परिणामी एका नदीचा प्रवाह कमी झाला आणि दुसऱ्या नदीला, जिने कधी पाहिले नव्हते असे बारमाही पाणी मिळाले. चिपळूणमधल्या वाशिष्ठीचा अंदाज बांधायचा तर कोकणातल्या पावसाइतकेच राज्यातल्या विजेच्या मागणीचे वेळापत्रकही समोर हवे.

धरणाखाली हस्तक्षेप लहान होत जातात, पण त्यांची संख्या वाढत जाते. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पावसाळ्यानंतर बर्गे टाकून अडवले जातात आणि पावसाळ्यापूर्वी बर्गे काढून मोकळे केले जातात. बर्गे वेळेत निघाले नाहीत तर पहिल्याच पुरात पाणी तुंबते. नदीकाठी उपसा सिंचनाचे पंप बसलेले असतात. उसाला पाणी देणाऱ्या विहिरी नदीचा भूजलातून येणारा उन्हाळी प्रवाह आतल्या आत कमी करतात. वाळू उपशाने तळ खोल जातो. मग ‘इतक्या फुटाला इतका विसर्ग’ हा ठाण्यावरचा तक्ता चुकू लागतो आणि पट्टीवर दिसणारी पातळी खरी असली तरी त्यावरून काढलेला विसर्ग खोटा ठरतो.

जो प्रवाह कुणी पाहिला नाही

अशा नदीचा ‘नैसर्गिक’ प्रवाह किती, हे कुणालाही थेट मोजता येत नाही. तो हिशेबाने उभा करावा लागतो. विजयवाड्याला मोजलेल्या पाण्यात वरच्या सर्व राज्यांचा वापर मिळवायचा, जलाशयांतले बाष्पीभवन मिळवायचे, साठ्यातला फरक धरायचा. एखाद्या राज्याने आपला वापर कमी दाखवला किंवा कालव्याच्या मुखाशी मोजमापच झाले नाही, तर चूक थेट ‘नैसर्गिक येव्या’त जाऊन बसते.

कृष्णेचा इतिहास याचा धडाच आहे. बच्छावत लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या मालिकेवरून ७५ टक्के विश्वासार्हतेचा, म्हणजे चारपैकी तीन वर्षांत मिळेल असा, येवा २,०६० टीएमसी धरला. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये निकाल देताना १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षांची मालिका घेतली. त्यांच्या हाती त्याच विश्वासार्हतेला २,१७३ टीएमसी, ६५ टक्क्यांना २,२९३ आणि सरासरीला २,५७८ टीएमसी हे आकडे आले. नदी तीच, मोजण्याचा काळ वेगळा आणि हिशेबात शंभराहून अधिक टीएमसीची तफावत. समुद्राकडे प्रत्यक्ष पोहोचणारे पाणी मात्र उलट्या दिशेने गेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्षाला सरासरी सुमारे ५७ अब्ज घनमीटर पाणी सागराला मिळत होते, तर २००१ ते २००४ च्या दुष्काळी वर्षांत हा आकडा नगण्यावर आला.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचा अनुभव याहून कठोर आहे. १९२२ चा करार झाला तो ओल्या वर्षांच्या नोंदींवर. वाटपात नदीच्या दीर्घकालीन ऐपतीपेक्षा जास्त पाणी कागदोपत्री देऊन टाकले गेले आणि गेली वीस-पंचवीस वर्षे सात राज्ये त्या चुकीची किंमत मोजत आहेत.

महापुराचे तीन उन्हाळे नव्हे, तीन पावसाळे

२००५, २०१९ आणि २०२१. सांगली-कोल्हापूरच्या लोकांच्या बोलण्यात ही तीन साले कायमची कोरली गेली आहेत. सांगलीला आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट. तिथे २०१९ मध्ये पंचगंगेने ५५ फूट ओलांडले आणि दोनच वर्षांनी ५६ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली ती सुटकेच्या वाटेवर असतानाच.

या पुरांचा अंदाज का अवघड जातो, हे एका साध्या गुणाकारातून कळते. कोयनेचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. जमीन भिजून चिंब झालेली असताना तिथे एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो जवळपास सगळा वाहून आला, तर धरणात तीन टीएमसीच्या आसपास पाणी येते. एक टीएमसी पाणी चोवीस तासांत सोडायचे तर सतत सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग ठेवावा लागतो. पायथा वीजगृहाची वाट जेमतेम २,१०० क्युसेकची, बाकीचे सांडव्याच्या वक्राकार दरवाजांतून. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, हे लक्षात घेतले की धरणावरच्या अभियंत्यापुढचा पेच समजतो. जुलैच्या शेवटी धरण रिकामे ठेवावे तर पुढचे वर्ष विजेविना, पाण्याविना जाण्याची भीती. भरू द्यावे तर ऑगस्टच्या पहिल्या जोरदार पावसात खाली पूर.

याच ठिकाणी नदीचा अंदाज माणसाच्या निर्णयाचा अंदाज होऊन बसतो. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक उंचीला पोहोचले की आपोआप उघडतात. त्यांचे वागणे सूत्रात बसते, त्यामुळे राधानगरी भरत आली की पंचगंगेत किती पाणी येणार हे कोल्हापूरला आधी सांगता येते. माणसाच्या हातचे दरवाजे मात्र केव्हा, किती फूट, किती वेळ उघडणार, हे प्रारूपाला सांगितल्याशिवाय कळत नाही. त्यात भर पडते धरणाखालच्या मुक्त पाणलोट क्षेत्राची. धरण आणि शहर यांच्यामध्ये पडणारा पाऊस कुठल्याच दरवाजाला जुमानत नाही आणि सांगली-कोल्हापूरच्या पुरात त्याचा वाटा मोठा असतो.

शिवाय प्रश्न नुसत्या एका राज्याचा नाही. १२३ टीएमसीच्या आसपास क्षमतेचे अलमट्टी धरण दोनशेहून अधिक किलोमीटर खाली, कर्नाटकात आहे. त्याच्या फुगवट्याने सांगलीचे पाणी उतरत नाही, हा आरोप वर्षानुवर्षे होतो. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. तिने अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणे यांकडे बोट दाखवले. नदीकाठच्या अनेक कार्यकर्त्यांना आणि निवृत्त अभियंत्यांना हा निष्कर्ष मान्य नाही. पुढे राज्याने रूरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडे अभ्यास सोपवला. वाद मिटत नाही याचे एक कारण तांत्रिक आहे. कृष्णा-वारणा संगमापासून नृसिंहवाडीच्या कृष्णा-पंचगंगा संगमापर्यंत आणि तिथून पुढे नदीचा उतार अतिशय मंद आहे. एकीचे पाणी दुसरीला मागे रेटते, पुलांचे भराव त्यात भर घालतात. अशा सपाट पट्ट्यात फुगवट्याचे उत्तर पात्राच्या ताज्या, बारकाईने घेतलेल्या छेदांवर अवलंबून असते. जुन्या छेदांवर चालवलेले प्रारूप दोन्ही बाजूंना हवे ते उत्तर देऊ शकते.

यंत्रणा आहे, तिचा पुरेपूर वापर हवा

महाराष्ट्र या विषयात मागे आहे, असे म्हणता येणार नाही. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी वास्तव-वेळ माहिती संकलन यंत्रणा उभी राहिली. पाऊस आणि पाण्याची पातळी स्वयंचलित ठाण्यांवरून थेट मध्यवर्ती केंद्रात येऊ लागली. डेन्मार्कच्या डीएचआय संस्थेच्या ‘माईक’ प्रारूपांवर आधारलेली प्रवाह अंदाज आणि जलाशय परिचालन प्रणाली तयार झाली. एवढी सांगड घालणारी यंत्रणा त्या काळी देशात मोजक्याच ठिकाणी होती. केंद्रीय जल आयोगाची कराड, वारुंजी, समडोळी, अर्जुनवाड, कुरुंदवाड, तेरवाड ही ठाणी कृष्णेच्या वरच्या अंगाची नोंद घेतात. २०२१ च्या पावसाळ्याआधी महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात विसर्गाच्या समन्वयासाठी मंत्रिस्तरावर बैठकही झाली.

अडचण आहे ती माहिती निर्णयापर्यंत आणि निर्णय लोकांपर्यंत पोहोचण्याची. धरणाच्या पायथ्याच्या गावाला ‘विसर्ग वाढवण्यात येत आहे, नदीकाठच्या लोकांनी सतर्क राहावे’ एवढा संदेश मिळतो. त्यात आपल्या गल्लीत पाणी किती वाजता आणि किती फूट येईल, हे नसते. पूरग्रस्त घरातल्या माणसाला क्युसेकचा आकडा उपयोगाचा नाही. जनावरे केव्हा सोडायची आणि वरच्या मजल्यावर धान्य केव्हा न्यायचे, हे त्याला कळायला हवे.

कोरड्या पात्रातला अंदाज

पूर बातम्यांत झळकतो. उन्हाळ्यातला प्रवाह तितकाच मानवनिर्मित असतो, पण त्याच्याकडे लक्ष जात नाही. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजना कोयनेतून सोडलेल्या पाण्यावर चालतात. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीच्या कृष्णेत किती पाणी असेल, हे आकाशाकडे पाहून सांगता येत नाही. ते ठरते आवर्तनाच्या वेळापत्रकावर, विजेच्या बिलावर आणि वाटेतल्या पंपांवर.

गोदावरीत हाच प्रश्न कायद्याच्या कलमात जाऊन बसला आहे. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तरतुदीनुसार आणि मेंढेगिरी समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या २०१४ च्या आदेशानुसार, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. २०२३ मध्ये असे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. धरणातून सुटलेले पाणी आणि पैठणला पोहोचलेले पाणी यांतला फरक हा इथला खरा वादाचा विषय. तापलेले पात्र किती पिते, वाळूचे खड्डे किती अडवतात, बंधाऱ्यांचे बर्गे निघाले की नाही आणि वाटेत किती उपसले जाते, यांची मोजणी झाल्याशिवाय तो सुटणार नाही.

यंत्र शिकते, पण काय शिकते

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेने या क्षेत्रात मोठी झेप घेतली. गूगलने आपल्या पूर-अंदाजाची सुरुवात २०१८ मध्ये पाटण्यातून केली. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये नीअरिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की जगभरच्या नद्यांच्या नोंदींवर शिकवलेले प्रारूप, जिथे मोजणी ठाणेच नाही अशा खोऱ्यांतही पाच दिवस आधीचा पूर-अंदाज बऱ्याच विश्वासाने देऊ शकते. ज्या देशात हजारो लहान नद्यांवर पट्टीही नाही, तिथे हे वरदान आहे.

पण या प्रारूपांची शाळा बघायला हवी. अशा संशोधनात सर्वाधिक वापरला गेलेला अमेरिकन माहितीसंच ६७१ खोऱ्यांचा आहे आणि ती खोरी मुद्दाम मानवी हस्तक्षेप कमीत कमी असलेली निवडली होती. ज्या यंत्राने मोकळी नदी पाहून शिक्षण घेतले, त्याला कोयनेचा दरवाजा ऐनवेळी दीड फूट उचलला जाईल हे कसे कळणार? जिथे परिचालनाची नोंद मिळते, तिथे यंत्र धरणाच्या सवयीही शिकते. जिथे ती नोंद कपाटातल्या वहीत राहते, तिथे सर्वांत हुशार प्रारूपही पंगू होते.

दुसऱ्या बाजूला, अंदाजाचा उपयोग धरण चालवण्यासाठी कसा करावा याचे उदाहरण कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो जलाशयात आहे. २०१२ च्या शेवटी जुन्या नियमपुस्तिकेनुसार तिथे पूरसाठ्यासाठी पाणी सोडून दिले गेले आणि पाठोपाठ दुष्काळ आला. त्यातून हवामानाच्या अंदाजानुसार परिचालन करण्याचा प्रयोग उभा राहिला. २०२० मध्ये या पद्धतीने ११,००० एकर-फुटांहून अधिक, म्हणजे जवळपास अर्धा टीएमसी, जास्तीचे पाणी राखता आले आणि पूरसुरक्षाही धोक्यात आली नाही. कोलोरॅडोवर तर संघीय यंत्रणा दर महिन्याला पुढच्या चोवीस महिन्यांच्या अपेक्षित साठ्यांचा आणि विसर्गांचा अंदाज जाहीर करते. तो चुकतो, सुधारला जातो, पण सर्वांसमोर असतो. धरणाचा नियोजित निर्णय हा सार्वजनिक हवामानवृत्तासारखा मानला जातो.

कृष्णा खोऱ्याला आज नेमके हेच हवे आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी एकच संयुक्त अंदाज कक्ष चालवावा आणि त्यात कोयना, वारणा, राधानगरी, हिप्परगी आणि अलमट्टी यांचे पुढच्या तीन दिवसांचे नियोजित विसर्ग दर सहा तासांनी जाहीर व्हावेत. उपसा योजनांच्या आणि बंधाऱ्यांच्या नोंदी त्याच संकेतस्थळावर यायला हव्यात. प्रत्येक महापुरानंतर पात्राचे छेद नव्याने घेतले जावेत आणि पूररेषा त्यांवरून तपासल्या जाव्यात. प्रत्येक पावसाळ्यानंतर कुठला अंदाज किती चुकला याचा अहवाल लोकांसमोर ठेवला जावा. यातल्या कशासाठीही नवे विज्ञान लागत नाही. ठाणी, प्रारूपे आणि प्रशिक्षित अभियंते दोन्ही राज्यांकडे आहेत. पुढच्या पावसाळ्यापूर्वी नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी, नगरपालिकांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपापल्या जलसंपदा विभागाकडे लेखी मागणी करावी ती या माहितीची.